शिरसाटांचं बारा फुटी गेट

कुणी घर बांधतंय असं कळलं की माणसं अभिनंदन करतात, पेढे मागतात. शिरसाटसाहेब विचारायचे, "गेट किती फुटी?" समोरच्यानं आठ म्हटलं की ते नुसतेच मान हलवायचे. दहा म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "आणि समोरचा रस्ता केवढा आहे?" इथे माणूस गडबडायचा. घर बांधणाऱ्याला टाइल्सचा रंग तोंडपाठ असतो, पण दारासमोरचा रस्ता किती फुटांचा आहे हे मी आजवर कुणाला पटकन सांगताना पाहिलेलं नाही. मग साहेबांच्या खिशातून टेप निघायची आणि रविवारी कुणाच्या ना कुणाच्या प्लॉटवर त्यांची फेरी ठरायची.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी स्टोअरची टायपिस्ट. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास मी नोकरीला लागले तेव्हा तेविशीची होते, ते पंचेचाळिशीचे. उंच, काटकुळे, पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि पँटच्या उजव्या खिशात स्टीलची टेप. त्या वजनानं तो खिसा कायम खाली ओढलेला असायचा, आणि त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, तो वर्षातून दोनदा शिवून द्यायच्या. मी निम्म्या वयाची, तरी साहेब मला 'ताई' म्हणायचे. कँटीनमधले लोक त्यांच्या मागे त्यांना 'फूटपट्टी' म्हणायचे. मीही म्हणायचे, आता कशाला लपवा.

त्यांच्या या वेडाला कारण होतं. मी लागायच्या आधी कारखान्यात एक मोठं प्रेस मशीन आलं होतं, लांबलचक ट्रेलरवर. आमचं गेट चौदा फुटी, ट्रेलर नऊ फूट रुंद, त्यामुळे मॅनेजर निर्धास्त. पण समोरचा रस्ता अरुंद आणि पलीकडे गटार. ट्रेलरला वळायलाच जागा मिळेना. दुपारपर्यंत पुढे-मागे करून ड्रायव्हर घामाघूम झाला, शेवटी कंपाउंडची भिंत पाडून मशीन आत घेतलं. शिरसाटांनी आदल्या दिवशी रस्ता मोजून मॅनेजरला चिठ्ठी लिहिली होती. ती मॅनेजरांनी चहाच्या कपाखाली ठेवली होती. कपाचा गोल डाग पडलेली ती चिठ्ठी साहेबांनी फायलीला लावून ठेवली होती आणि नव्या माणसाला ते ती दाखवायचेच. मला दाखवताना म्हणाले, "गेट गाडीसाठी नसतं, ताई. गेट वळणासाठी असतं."

दुसरी त्यांची श्रद्धा कागदावर होती. चलन, नोंद आणि माल, तिन्ही जुळलं की त्यांना शांत झोप लागायची. त्यांचे वडील अंगठा उठवणारे होते आणि अंगठा कशाखाली उठवला हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. म्हणून साहेब प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि एकदा वाचला की त्यावर पूर्ण भरवसा टाकायचे. या भरवशाचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

ते स्टेशनजवळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूल नव्हतं. एका सोमवारी साहेब कामावर आले नाहीत, मंगळवारी नाहीत. बुधवारी आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "जिना दोन फूट दहा इंच आहे. स्ट्रेचर जातं. पण वळत नाही."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. सुमनवहिनींना रविवारी अर्धांगाचा झटका आला होता. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून चौघांनी खाली आणलं. चाळीतल्या सगळ्यांनी दारात येऊन पाहिलं. वहिनींच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पदरानं पुसायला हात उचलत नव्हता. साहेबांनी हे सगळं मालाची तूट सांगावी तसं सांगितलं. मला त्यांचा राग आला. बायको दवाखान्यात आणि हा माणूस जिना मोजतोय! आज तो राग आठवला की माझी मलाच लाज वाटते.

वहिनी वाचल्या. बोलणं बऱ्यापैकी परत आलं, डावा पाय मात्र आला नाही. त्या दिवसापासून साहेबांनी एकच गोष्ट धरली. "पुढच्या वेळी गाडी उंबऱ्याला लागली पाहिजे," ते म्हणायचे. पुढची वेळ येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मला ते अभद्र वाटायचं, पण त्यांच्या दृष्टीनं तो नुसता हिशेबीपणा होता.

फंड काढून त्यांनी बदलापूरच्या पलीकडे, गावाच्या कडेला दहा गुंठे घेतले. समोर दहा फुटी मातीचा रस्ता, उजवीकडे नाला, डावीकडे भाताचं खाचर. घराचा नकाशा त्यांनी एका संध्याकाळी काढला, दोन खोल्या आणि पडवी. गेटला मात्र चार महिने लागले.

त्यासाठी एका रविवारी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. मोरिवलीचे म्हात्रे म्हणून एक टेंपोवाले होते, कारखान्याचा माल ने-आण करायचे. साहेबांनी त्यांना टेंपोसकट बोलावलं होतं. वहिनींना करंजाच्या झाडाखाली खुर्चीवर बसवलं. मग साहेबांनी विटांचे दोन ढीग रचले, हे गेटचे खांब. म्हात्र्यांनी रस्त्यावरून टेंपो वळवून त्यातून आत आणायचा. दहा फूट ठेवलं, डावा ढीग पडला. अकरा ठेवलं, मागचं चाक घासलं. बारा ठेवलं, टेंपो आला, पण तीनदा मागे-पुढे करून.

"आता बास ना, सायेब," म्हात्रे टेंपोतून डोकं काढून म्हणाले. "यवऱ्यान तं लग्नाची वरात जाल."

"वरात थांबू शकते, म्हात्रे," साहेब म्हणाले. "ॲम्ब्युलन्स थांबत नाही. एका दमात आली पाहिजे."

"तुमचं गेट होईपर्यंत मीच चालायला लागेन," वहिनी झाडाखालून म्हणाल्या. शब्द जरा ओढत यायचे, पण टोमणा नेमका बसायचा.

शेवटी साहेबांनी उपाय काढला. रुंदी बाराच ठेवायची, पण गेट रस्त्याच्या कडेला न लावता आपल्याच जागेत नऊ फूट आत घ्यायचं. म्हणजे गाडी आधी रस्ता सोडेल, सरळ होईल आणि मग गेटमधून आत येईल. विटा मागे नेल्या. म्हात्र्यांनी टेंपो वळवला आणि तो खरोखर एका दमात आत आला, थेट वहिनींच्या खुर्चीपर्यंत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवताना मी तेवढंच पाहिलं.

कुंपणही त्यांनी गेटच्या रेषेतच सरळ घ्यायचं ठरवलं. म्हणजे रस्ता आणि कुंपण यांच्यामध्ये त्यांच्या मालकीची नऊ फुटांची पट्टी मोकळी राहणार होती. "राहू दे. गावच्या बैलगाड्यांनाही बाजू द्यायला जागा होईल," साहेब म्हणाले.

एक अडचण उरली होती. डाव्या कोपऱ्यावर, रस्त्याला लागून हद्दीचा दगड होता. टेंपोचं मागचं चाक त्याला चाटून जायचं. उजव्या कोपऱ्यावरचा दगड नाल्यानं कधीच नेला होता, हा एकच शिल्लक. साहेबांनी त्याच्याभोवती उकरायला घेतलं, तसे म्हात्रे खाली उतरले.

"सायेब, दगर हलवू नका. आमचेकरं दगर हलवला का भावाभावांची डोकी फुटतान."

"अहो, कागदावर सगळं आहे. नकाशा आहे, सातबारा आहे. दगडावर काय आहे?"

म्हात्र्यांनी त्या दगडाला हात लावला नाही. साहेबांना एकट्याला उचलेना, तेव्हा दुसऱ्या बाजूनं मी धरला. आम्ही दोघांनी तो लोळवत आत आणला. चांगला घडीव होता. गेटचा पल्ला वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याला टेकण होईल असं म्हणून साहेबांनी तो डाव्या खांबाच्या जागेशी पुरला आणि हात झटकले.

गेट उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये बनवायला टाकलं. तिथल्या लच्छूभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात दहा फुटी गेटं तयार उभी असायची.

"साईं, दस फुट रेडी है, आज उठाओ," लच्छूभाई म्हणाले. "बारा फुटाचा पल्ला वजनानं बसतो. घर बांधताय का गोडाऊन?"

"बारा फूट. सहा-सहाचे दोन पल्ले. बिजागऱ्या तीन-तीन द्या, बसणार नाही."

"आणि माणसासाठी एका पल्ल्यात छोटं दार काढून देतो. रोज रोज एवढा मोठा गेट कोण खोलेगा?"

"छोटं दार नको."

"अरे साईं, सगळे काढतात."

"काढू देत. वाकून जायची दारं आमच्या घरानं पुष्कळ पाहिली. माझ्याकडे येणारा माणूस मोठ्या गेटनं येईल, आणि दोन्ही पल्ले उघडून येईल."

लच्छूभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गेटच्या रुंदीत वळणाखेरीज आणखी काय काय मोजलेलं होतं, ते मलाही तेव्हाच कळलं.

साहेब निवृत्त झाले आणि दोघं तिकडे राहायला गेली. सामान म्हात्र्यांच्या टेंपोतून गेलं, वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी. साहेब आधीच जाऊन दोन्ही पल्ले उघडून उभे होते. टेंपो रस्ता सोडून सरळ झाला, गेटमधून आत आला आणि पडवीच्या पायरीला लागला. वहिनी उतरल्या त्या थेट घरात. त्या गेटमधून गाडी आत आली ती तेवढी एकदाच.

नव्वदनंतर बदलापूरकडे जमिनींना पाय फुटले. डावीकडचं खाचर कुणा बाहेरच्या माणसानं घेतलं. बोलायला गोड. एक दिवस येऊन म्हणाला, "काका, बांधकाम काढलंय. चार दिवस तुमच्या गेटसमोर बाजूला विटा ठेवू का?" साहेबांनी हो म्हटलं, वर चहा पाजला. चार दिवसांचे चार महिने झाले. विटांशेजारी खडी आली, मग मजुरांचं ताडपत्रीचं खोपटं. साहेब रोज सांगायचे, तो रोज "हटवतो ना, काका" म्हणायचा. साहेब वहिनींच्या तपासणीसाठी दोन दिवस मुंबईला गेले. परत आले तेव्हा त्या माणसाची कंपाउंडची भिंत रस्त्याच्या कडेनं सरळ पुढे येऊन शिरसाटांच्या गेटसमोरून नाल्यापर्यंत गेली होती. नाल्याच्या टोकाला साडेतीन फुटांची फट. भिंत आणि गेट यांच्यामधल्या नऊ फुटांत चालायला जेमतेम चार फुटांची बोळ. बाकीच्या पट्टीवर त्यानं पत्रे टाकून सिमेंटची पोती रचली होती.

"तुमची हद्द तुमच्या गेटपर्यंत," तो म्हणाला. "पुढचं माझ्यात येतं. तरी तुम्हाला जायला-यायला वाट सोडलीय ना, काका?" काका म्हणणं त्यानं सोडलं नव्हतं.

माझं मराठी अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहिले. किती लिहिले ते सांगत नाही. मोजणीची तारीख पडायची आणि मोजणीदार यायचा नाही. एकदाचा तो आला, त्या दिवशी रजा टाकून मीही गेले. म्हात्र्यांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. त्यांच्याच घरात जमिनीवरून कोर्टकचेरी चालू होती. मोजणीदारानं साखळी टाकली, नकाशा पाहिला, आणि गेटच्या खांबाशी येऊन थांबला.

"हा हद्दीचा दगड ना?"

"हो. पण तो तिथे होता, रस्त्याच्या कडेला. मीच इथे आणला."

"कशाला?"

"पल्ल्याला टेकण म्हणून."

मोजणीदार हसला. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "काका, दगड मी आणला असं सगळेच सांगतात. दगड इथे, कुंपण इथे, गेट इथे. दुसरा दगड नाही. मी काय दाखवू?"

"नकाशात दाखवलंय ना," साहेब म्हणाले. कारखान्यात त्यांना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"नकाशा दगडावरूनच जुळवतात, काका."

मी पुढे झाले. म्हटलं, "दगड हलवला तेव्हा मी होते. एका बाजूनं मीच धरला होता." त्यानं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, ऑफिसातली. त्यानं ते लिहून घेतलं नाही. भिंतवाला जरा लांब उभा होता. तो हसलासुद्धा नाही, त्याला हसायची गरजच नव्हती.

सगळे गेल्यावर साहेब त्या दगडावर बसले. म्हणाले, "कागद बरोबर होता, ताई. माल मीच चुकीच्या रकान्यात ठेवला."

म्हात्र्यांनी सांगितलं तेव्हा मी का बोलले नाही, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. उत्तर साधं आहे. साहेब चुकतील असं मला वाटलंच नव्हतं.

वहिनींना दुसरा झटका आला तो भर दुपारी. साहेबांनी गावातल्या दुकानातून फोन केला आणि ॲम्ब्युलन्स खरंच अर्ध्या तासात आली. रस्त्यावर, भिंतीपलीकडे उभी राहिली. साहेबांनी सवयीनं दोन्ही पल्ले उघडले होते. स्ट्रेचर फटीतून आत आलं, पण बोळीतून गेटकडे वळेना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. मग साहेब घरात गेले आणि खुर्ची घेऊन आले. तीच, चाळीतली. वहिनी शुद्धीवर होत्या. खुर्ची पाहून त्यांनी उजव्या हातानं पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला.

हे मला साहेबांनी दवाखान्यात सांगितलं. चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता. साहेबांनी मान हलवली, आठ फुटी गेटवाल्यासमोर हलवायचे तशी. वहिनींना घरी न्यायचं का, असं नातेवाइकांनी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "नको. पुन्हा खुर्चीवर नको." दवाखान्यातूनच त्यांना नेलं. बुद्धवंदना झाली तेव्हा साहेब टेपच्या खिशावर हात दाबून उभे होते.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्याकडे गेले, सव्वा वर्षानं. भिंतीवर आता कुणाच्या तरी निवडणुकीची अक्षरं होती. फटीत आता खडीचा ढीग होता, त्याच्या कडेनं अंग आडवं करून आत शिरले. बोळीत सिमेंटची फुटकी पोती पडली होती. गेट मात्र नुकतं रंगवलेलं, काळं कुळकुळीत, बिजागऱ्यांना तेल. मी कडी वाजवली. साहेब आले, फार वाळले होते. त्यांनी मधला अडसर काढला, एक पल्ला मागे नेऊन दगडाला टेकवला. तेवढ्या उघड्या जागेतून मी आत पाऊल टाकणार, तर हात करून म्हणाले, "थांबा." दुसऱ्या पल्ल्याची खालची कडी गंजली होती, ती निघेना. खाली बसून दोन्ही हातांनी त्यांनी ती काढली, उठायला वेळ लागला, आणि दुसरा पल्लाही मागे नेला.

"साहेब, मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"असू द्या."

चहा त्यांनीच केला. मी विचारलं, अंबरनाथला परत का येत नाही? "दुसरा मजला आहे का, ते पाहावं लागेल," म्हणाले, आणि विषय संपला. अर्जाचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. वहिनींची खुर्ची पडवीत पायरीशी होती, गेटकडे तोंड करून.

निघताना पुन्हा तेच. पल्ले लावलेले होते, ते दोन्ही उघडले. मी बाहेर पडले आणि बोळीच्या वळणावरून मागे पाहिलं. बारा फूट उघड्या गेटच्या एका कडेला, दगडाशी, पल्ला हातानं धरून ते उभे होते. आतून गाडी निघताना माणूस अंग चोरून बाजूला होतो तसे. मी हात केला. त्यांनी केला नाही, त्यांचे हात पल्ल्याला होते. मी फटीतून अंग आडवं करून रस्त्यावर आले. भिंतीमुळे पुढचं दिसलं नाही. आधी एक पल्ला लागल्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं दुसरा.